नववा रकाना

प्रिय ठमाबाई,

हे पत्र आईच्या हाती पाठवतोय. टपालात टाकलं तर ते तुला सोमवारनंतर मिळेल, आणि स्वतः घेऊन यायचं म्हटलं तर तुझ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरूनच मी मागे फिरेन. तसा एकदा फिरलोयसुद्धा, मागच्या रविवारी. हातात संत्र्यांची पिशवी होती, ती तुझ्या खालच्या शेजारणीला देऊन आलो. तिने मला कोण समजलं असेल कोण जाणे. तुला वाटेल, वीस मिनिटांच्या अंतरावर राहणारा बाप पत्र कसलं लिहितोय. पण समोर बसलो की मी हवापाण्याचं बोलतो, तुझ्या गळक्या नळाचं बोलतो आणि चहाचा कप विसळून उठून येतो. गेल्या दोन महिन्यांत तीनदा हेच झालं. कागदावर मला खोटं बोलता येत नाही असा माझा एक समज होता. तो कसा गेला तेही पुढे येईलच.

आधी तुझं प्रकरण मला कळलंय तसं लिहितो, म्हणजे मला काय ठाऊक आहे आणि काय नाही याचा घोळ नको. आठ महिन्यांपूर्वी कत्तलखान्याच्या मासिक पत्रकात तपासनीस म्हणून तू नवव्या रकान्यात सदतीस लिहिलंस. तपासणीत नापास झालेली जनावरं, कारण फुप्फुसात क्षयाच्या गाठी. सरकारी पुस्तिकेत मात्र छापून आलं सहा. आणि नोंदीपुढे शेरा होता, ‘दूरध्वनीवरून तपासनिसांशी बोलून खात्री केली.’ तू म्हणतेस, मला कोणाचा फोन आलाच नाही. चौकशी समिती म्हणते, नोंद आहे म्हणजे फोन झाला. तुझ्या वहीत सदतीस आहेत ते त्यांनी पाहिलं, पण ती वही तुझ्या बाजूने उभी राहायच्या ऐवजी तुझ्यावरच उलटली. बाईंना खरा आकडा ठाऊक होता आणि तरी त्यांनी फोनवर सहा सांगितला, म्हणजे मालकाने दबाव टाकला आणि बाई वाकल्या, असा तर्क. तुला तपासणीच्या लाईनवरून काढून चाऱ्याच्या गोदामात पोती तपासायला बसवलंय, त्याला अडीच महिने झाले. तू वाकणारी असतीस तर लहानपणी एकदा तरी दूध संपवलं असतंस. पण हे समितीला कोण सांगणार?

तुला ठमाबाई हे नाव कशामुळे पडलं, आठवतं? शनिवारी अर्धा दिवस असायचा तेव्हा मी तुला आकडेवारी खात्यातल्या माझ्या ऑफिसात आणायचो. तू कमरेवर हात ठेवून, भाडं वसूल करायला आलेल्या घरमालकिणीसारखी, टेबलांमधून फिरायचीस आणि मोजायचीस. पंखे चार, खिडक्या सहा, टक्कलवाले काका तीन. एकदा तू विचारलंस, ही एवढी पत्रकं येतात, पण एखाद्या कत्तलखान्याचं आलंच नाही तर त्यातली जनावरं कुठे जातात? मी सांगितलं, ती आम्ही गेल्या महिन्याइतकीच धरतो आणि पुढे ‘अंदाज’ असं लिहितो. तू म्हणालीस, पण मग ती मोजली कोणी? सगळी शाखा हसली. मीही हसलो आणि तुला रबरी शिक्क्याशी खेळायला दिलं. आठ वर्षांची होतीस.

या कामाचं खालचं टोक तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वरचं टोक मी तुला कधी धड सांगितलं नाही, नुसता रुबाब केला. तर असं आहे. पाच तारखेपर्यंत सगळ्या कत्तलखान्यांची पत्रकं येतात. अकरा रकाने. बैल किती, गाई किती, कालवडी, वासरं. जिवंत वजन, सोललेल्या धडाचं वजन. आणि नववा, नापास. मग आम्ही कातडी कमावणाऱ्या कारखान्यांकडून कातड्यांची संख्या मागवतो आणि ताडून बघतो, कारण माणूस जनावर लपवू शकतो पण कातडं विकल्याशिवाय राहत नाही. शेतावर घरच्या घरी कापलेल्या जनावरांचा हिशेब वर्षातून एकदा शे-दोनशे घरी विचारपूस करून बांधतात आणि बाराने भागतात. दहा तारखेला पुस्तिका छापायला जाते. एखादा आकडा उडी मारून आला तर त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचा, पाठवणाऱ्याला फोन करायचा, आणि कोण बोललं, किती वाजता, ते समासात लिहून सही करायची. नवव्या रकान्यात वीसच्या वर आकडा पक्का झाला तर एक गुलाबी चिठ्ठी पशुआरोग्य खात्याकडे जाते. मग त्यांची माणसं जनावरांच्या कानातले बिल्ले बघत बघत थेट गोठ्यापर्यंत पोहोचतात. ही चिठ्ठीची पद्धत मीच सुरू केली. पाहुण्यांना मी ती कितीदा सांगितली असेल, आईला विचार. तिला ती पाठ झालीय.

पण चौतीस वर्षांत तुझ्या कत्तलखान्याबद्दल एकही गुलाबी चिठ्ठी निघाली नव्हती. तुझ्या आधीचे म्हातारे डॉक्टर दर महिन्याला चार लिहायचे, फार तर पाच. त्याचा आलेख काढला की पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. मी ती नव्या लोकांना दाखवायचो, बघा, पत्रक कसं असावं. तू रुजू झालीस त्या आठवड्यात घरी येऊन सांगितलंस की म्हाताऱ्यांच्या कपाटातली गाठी कापायची सुरी नवीकोरी निघाली, पात्यावरचा कागदसुद्धा काढलेला नव्हता. मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, नव्या सुनेला सासूची भांडी घासलेली दिसतच नाहीत. ठमाबाई, त्या सरळ रेघेवर मी माझी अर्धी नोकरी मिरवली होती. ती रेघ खोटी असेल हे मला पटवून घ्यायचं नव्हतं.

आणि मग ते जेवण. त्याबद्दल मी आजवर तुझी माफी मागितलेली नाही, तेव्हा इथे मागतो. माझे जुने साहेब आणि त्यांच्या मिसेस आल्या होत्या. त्यांनी तुला विचारलं, तू काय करतेस, आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, आमच्या डॉक्टरीणबाई पेशंट मेल्यावर तपासतात, त्यामुळे तक्रार करायला कोणी उरत नाही. टेबलभर हशा झाला. मला वाटलं, काय झकास बोललो. तू चमचा खाली ठेवलास तो आवाज फक्त आईने ऐकला असावा. पाहुणे गेल्यावर दारात बूट घालताना तू म्हणालीस, बाबा, चौतीस वर्षं तू त्या जनावरांचे आकडे लिहितोयस, आत एकदा तरी पाऊल टाकलंयस का? मी दिवा बंद केला. त्यानंतर तीन आठवडे तुझा फोन नाही, माझा नाही. हट्ट तू माझ्याकडून घेतलास, नाक आईकडून. दोन्हींचं वजन माझ्याच डोक्यावर.

त्याच तीन आठवड्यांत, आठ तारखेला, तुझं ते पत्रक माझ्या टेबलावर आलं. शाखाप्रमुख पत्रकं बघत नाही, बेरजा बघतो. पण तुझ्या कत्तलखान्याचं पत्रक मी रोज सकाळी आलंय का ते बघायचो, अक्षर बघायला. तुझ्या सातावर आडवी रेघ असते, मीच शिकवलेली. सदतीस. मी लाल पेन्सिल उचलली आणि गोल केला.

बघ, इथे आलं की हात थांबतो. आधी या बुधवारचं सांगून टाकतो, ते सांगायला जरा सोपं आहे.

बुधवारी मी रजा टाकून तुझ्या कत्तलखान्यात गेलो. पहिल्यांदा. फाटकावर त्यांनी मला गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिले, एक पाय मोठा, एक लहान. मी घाबरलो होतो ते रक्ताला, पण आत गेल्यावर लक्षात राहिला तो आवाज आणि पाणी. सगळीकडे पाणी, गरम, वाफाळतं, फरशीवरून नाल्यात सतत वाहणारं. वरच्या रुळावरून अर्धी अर्धी धडं सरकत येत होती. तुझ्या ओट्यावर नवा तपासनीस उभा होता. समोर फुप्फुसाची जोडी आली की तो डोळ्यांनी बघायचा आणि हाताने पुढे जाऊ दे अशी खूण करायचा. त्याच्या सुरीला पाणी लागलेलं मला दिसलं नाही. मी घड्याळ लावून बघितलं, जोडीमागे चार सेकंद. खुंटीवर एक रबरी एप्रन लटकत होता, आखूड, गळ्याला निळी पट्टी शिवलेला. तो तुझा असणार, कारण ती पट्टी आईच्या जुन्या पडद्याची आहे.

लाईनचा मुकादम बोलका निघाला. म्हणाला, बाई होत्या तोवर लाईन मुंगीच्या पावलांनी चालायची, आम्ही मनातल्या मनात शिव्या घालायचो. एकेक फुप्फुस दोन्ही हातांत घेऊन दाबून बघायच्या, गाठ लागली की चिरायच्या, नापास म्हणजे नापास, मालक येऊन उभा राहिला तरी मान वर करायच्या नाहीत. मग त्याने मला ओट्यामागच्या भिंतीपाशी नेलं. तिथे एक प्लास्टिकचा पडदा खिळ्यांना अडकवलेला होता. तो त्याने वर केला. पांढऱ्या फरशांवर जांभळ्या खुणेच्या पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या. पाटी भरली म्हणून त्या महिन्यात बाईंनी भिंतीवर मांडल्या, तो म्हणाला, आणि चौकशी लागल्यावर आम्ही धुवायच्या वेळी यावर पडदा टाकायला लागलो, म्हटलं साहेबलोक येतील, बघतील. कोणी आलंच नाही. मी मोजल्या. बोट लावून मोजल्या, तू पंखे मोजायचीस तशा. सात जुड्या आणि दोन.

निघताना त्याने विचारलं, तुम्ही बाईंचे कोण? मी म्हणालो, मी आकडेवारी खात्यातून आलोय. एवढंच. तो म्हणाला, बरं झालं आलात, आमचे आकडे वर जातात ते जातात कुठे हो? आणि मी तो एक मोठा, एक लहान बूट काढून त्याच्या हातात दिला. तुझा बाप आहे हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. अभिमान वाटत नव्हता म्हणून नाही, पोरी. तुझ्या नावाला माझं नाव जोडायची लाज वाटली, तुझ्यासाठी.

आता लिहितो. त्या दिवशी गोल केल्यावर मी फोन उचलला. तुझा नंबर मला बघावा लागत नाही. चार आकडे फिरवले आणि ठेवून दिला. कारण मी फोन केला असता तर तो माझा पहिला फोन झाला असता. तू म्हणाली असतीस, अरे वा, आली का आठवण? टायपिस्टबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी लगेच लावून दिला असता, पण मग दुपारच्या डब्याला सगळ्या शाखेला कळलं असतं की साहेबांच्या घरी बाप-लेकीचं बोलणं बंद आहे. शिवाय मला मनापासून वाटलं की तू चुकलीस. नवी आहेस, उत्साहात आहेस, बापाला दाखवून द्यायचं म्हणून प्रत्येक डागाला गाठ म्हणतेस. तुझ्यावर विश्वास नव्हता आणि त्या न वापरलेल्या सुरीवर होता. मी मागच्या बारा महिन्यांची सरासरी काढली. तुझे आधीचे काही महिने धरून सहा आली. तुझा सदतीस आडवी रेघ मारून खोडला, वर सहा लिहिलं, आणि समासात माझ्या हाताने लिहिलं, ‘दूरध्वनीवरून तपासनिसांशी बोलून खात्री केली, सकाळी ११.२०’. आणि सही. अकरा वीसला तू त्या ओट्यावर उभी होतीस, कोपरापर्यंत हात भरलेले. फोन केला असता तरी तुला तो लगेच उचलता आला नसता, हेही मला ठाऊक नव्हतं.

गुलाबी चिठ्ठी निघाली नाही. पुढचे चार महिने कसे गेले ते मी तुला काय सांगू? त्या तीन आठवड्यांनंतर तू आपणहून फोन केलास, मीही काही झालंच नाही अशा थाटात बोललो, आणि ते पत्रक मी विसरून गेलो. खरंच विसरलो. सगळ्यात वाईट वाटतं ते याचंच. मग दूध उत्पादकांच्या त्या वस्तीत रोग सापडला. बाजारातून तुमच्याकडे आलेल्या त्या सदतीसांतली काही जनावरं तिथल्याच एका गोठ्यातली निघाली. सुरुवातीलाच माणसं गेली असती तर पाच-सहा गाईंवर निभावलं असतं, असं पशुआरोग्यवाले म्हणतात. चार महिन्यांनी सगळा गोठा मारावा लागला, बासष्ट गाई. गोठेवाल्याची बायको त्याच रोगाने अजून इस्पितळात आहे. बरी होतेय म्हणे, मी रोज चौकशी करतो, नाव न सांगता. आणि त्या बासष्ट गाई पुढच्या महिन्याच्या पत्रकात माझ्याच टेबलावर आल्या, ‘रोगनियंत्रणासाठी मारलेली’ या ओळीत. मी ती बेरीज तपासली. बरोबर होती.

चौकशी लागली तेव्हा तू मला विचारलंस, बाबा, तुमच्या शाखेत हा शेरा कोणी लिहिला एवढं बघून सांगशील का? समितीकडे फक्त टाइप केलेली नक्कल आहे, तीत सही नाही. मी म्हणालो, बघतो. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा म्हणालो, जुने कागद तळघरात आहेत, वेळ लागेल. समितीने मूळ पत्रक मागवलं तेव्हा शाखाप्रमुख म्हणून मी लेखी उत्तर दिलं, ‘शोध चालू आहे’. ते पत्रक तेव्हा माझ्या पिशवीत होतं, डब्याखाली, घडी घालून. रोज घरून ऑफिसात आणि ऑफिसातून घरी नेत होतो. जाळायचं धाडस नव्हतं, द्यायचंही नव्हतं. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस, नुसतं म्हणालीस, जाऊ दे बाबा, तू उगाच दमतोस. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. तो हात मला अजून लागतो.

गुरुवारी संध्याकाळी तू स्वयंपाकघरात आईशी बोलत होतीस आणि मी इकडे पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. तू सांगत होतीस की समितीने एक तोडगा काढलाय. ‘दूरध्वनीवर आकडा सांगताना माझ्याकडून अनवधानाने चूक झाली’ अशा कागदावर सोमवारी सही करायची, म्हणजे मालकाच्या दबावाचा आरोप मागे घेणार, ताकीद देऊन प्रकरण मिटणार, फक्त लाईनवर परत जाता येणार नाही. आई म्हणाली, न झालेल्या चुकीवर सही? आणि तू म्हणालीस, आई, मी थकले गं, आता मलाच वाटायला लागलंय की कदाचित फोन आला असेल आणि मीच विसरले असेन. माझ्या हातातला पेपर उलटा होता, हे मला तू गेल्यावर कळलं. तुझी नोकरी गेली असती तरी मी कदाचित अजून गप्प बसलो असतो. तेवढा भित्रा आहे मी, आता तुझ्यापासून काय लपवू? पण जे तू तुझ्या हातांनी दाबून बघितलंस, डोळ्यांनी मोजलंस, भिंतीवर मांडलंस, त्यावरचा तुझाच विश्वास माझ्या एका खोट्या ओळीने उडाला. तू आठ वर्षांची होतीस तेव्हासुद्धा मोजलेल्या गोष्टीबद्दल कोणाचं ऐकायची नाहीस.

त्याच रात्री आईला सगळं सांगितलं. तिने शेगडी बंद केली, हात पुसले आणि खुर्चीवर बसली. म्हणाली, आधी जिथे सांगायला हवं तिथे सांगा, मग तिला सांगा, आणि मग मला तोंड दाखवा. काल सकाळी मी समितीच्या अध्यक्षांच्या घरी गेलो. अध्यक्षबाई घरातल्या चपलांत बाहेर आल्या, मी त्यांना पायरीवरच मूळ पत्रक दिलं आणि दोन पानांचा लेखी जबाब दिला. भिंतीवरच्या रेघांचंही लिहिलंय, पडदा वर करून बघा म्हणून. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, ही तुमची मुलगी ना? या वेळी मी हो म्हणालो. निवृत्तीला चार महिने राहिलेत, त्यांचं काय व्हायचं ते होईल. त्याची काळजी तू करायची नाहीस, आणि माझ्यासाठी तिथे एक शब्दही बोलायचा नाहीस. आई तुझ्याकडे दोन-चार दिवस राहीन म्हणतेय. राहू दे तिला.

आता हे पत्र कशासाठी, ते. एक म्हणजे, सोमवारी त्या बंद खोलीत दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुला हे ऐकावं लागू नये. दुसरं, त्या कागदावर सही करू नकोस. फोन आला नव्हता. तू विसरली नाहीस. आणि तिसरं म्हणजे छापलेला आकडा बदलायचा तर एक दुरुस्तीपत्रक भरावं लागतं, ते मी आज भरलंय. जुना आकडा सहा. कारण, ‘शाखाप्रमुखाने फोन केला नाही’. शेवटचे दोन रकाने तेवढे रिकामे आहेत, नवा आकडा आणि तपासनिसांशी बोलल्याची वेळ, कारण तिथे या वेळी मी खरं तेच लिहिणार आहे. उद्या सकाळी दहा वाजता मी तुला फोन करीन. तू उचलावास असा माझा हक्क उरलेला नाही; नाही उचललास तर ‘उत्तर मिळालं नाही’ असं लिहीन, तेही खरंच असेल, आणि तुझं पत्रक समितीकडे आहेच. उचललास तर बाकी काही बोलणार नाही, हवापाण्याचंही नाही. आठ महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं तेवढंच विचारीन, की डॉक्टर, नवव्या रकान्यात किती? तू सांगशील तो आकडा लिहीन.

तुझाच,
बाबा